सालासकट की साल काढून?

मित्रांनो, एका पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

ते पत्र मला आलेलं नव्हतं. मला कोण पत्र लिहिणार? पण नऊ वर्षं ते माझ्या पायाखाली होतं. ज्यांनी ते तिथे सरकवलं ते सर त्यानंतरही माझ्यापाशी येत, माझ्याकडे बघत आणि माझ्या पायाकडे बघायचं तेवढं टाळत. म्हणून त्या पत्राचा थोडा भार माझ्यावरही आहे, असं मला वाटत आलं. चूक असेल तर सांभाळून घ्या. मला स्वतःबद्दल फारशी खात्री कधीच नसते.

वहीतून फाडलेला आखीव कागद होता. निळ्या शाईत दहा-बारा ओळी. सगळ्या पत्रात प्रश्न एकच, आणि त्याचं उत्तर दोन शब्दांचं.

मी एक जुना कलरीमीटर आहे. म्हणजे पाण्यासारख्या पातळ पदार्थात रंग किती आहे ते मोजणारं यंत्र. रंगाने राखाडी, अंगाने जाडजूड, आणि एका कोपऱ्यावर पोपडा उडालेला. माझ्या पोटात एक छोटा दिवा आहे. दिव्यासमोर रंगीत काचांची चकती, तिच्यापुढे काचेची नळी उभी करायला खाच, आणि नळीच्या पलीकडे माझा एकुलता एक डोळा. नळीतला रंग दिव्याचा जेवढा उजेड अडवेल, तेवढी वर माझी सुई सरकते. एवढंच मला येतं. नळीत काय भरलंय, ते कुठून आलं, कुणी कशासाठी आणलं, हे त्या डोळ्याला दिसत नाही. बाकीचं जग बघायला आम्हा यंत्रांकडे आमचं आमचं काहीतरी असतं. ते काय, ते मात्र विचारू नका.

एका कारखान्यात, लांब बाकावर माझा जन्म झाला. माझी केसाएवढी बारीक सुई बसवायचं काम एका बाईंकडे होतं. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून त्या ती बसवत. माझी सुई बसली, दिवा लागला, आणि सुई आकड्यावर जाऊन गप उभी राहिली. तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा शहाणा निघणार बघ. थरथरत नाही." मित्रांनो, या एका वाक्यावर मी पुष्कळ वर्षं जगलो.

मग भुशाने भरलेल्या लाकडी खोक्यातून माझा प्रवास झाला आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत खोकं उघडलं गेलं. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली. मधोमध काळ्या दगडाचे ओटे, भिंतीला काचेची कपाटं. एका खिडकीतून फाटक दिसायचं. मला ठेवलं ते बेसिनशेजारच्या ओट्यावर. त्या बेसिनचा नळ मी आलो तेव्हाही ठिबकत होता.

माझं खोकं उघडलं ते सरांनी. उंच, पण जागेत मावणार नाही अशा भीतीने वाकून चालणारे. काखेत कायम एखादं पुस्तक. वर्गात शिकवताना ते मुलांकडे न बघता मागच्या भिंतीकडे बघत. शिक्षकांच्या खोलीत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता म्हणतात. माझ्याशी मात्र ते बोलत. माझा दिवा तापायला दहा मिनिटं लागतात. इतर लोक तेवढंही थांबत नाहीत. सर थांबायचे. पुस्तकातलं एक पान वाचायचे, मग माझ्यावर हलकेच हात ठेवून विचारायचे, "झालं का तुझं?"

प्रयोगशाळेत दुसरे होते ते मामा. काचसामान धुणं, पुड्या-बाटल्या जागेवर ठेवणं, मुलांवर डोळा ठेवणं हे त्यांचं काम. मुलं त्यांना मामा म्हणत, शिक्षक मामा म्हणत, प्राचार्यही मामाच म्हणत. स्वच्छतेचं त्यांना वेड होतं. नळी धुऊन उजेडाकडे धरायची, कणभर डाग दिसला की पुन्हा धुवायची. आणि जिभेला हाड नव्हतं.

"सर, घरी वहिनींशी पण बोलता का हो? का सगळं बोलणं या डब्यासाठी राखून ठेवलंय?"

सर कानापर्यंत लाल व्हायचे. "मामा, त्याला डबा म्हणू नका."

"बरं, जावईबापू म्हणतो. लाड तर तसेच चाललेत."

असे आमचे दिवस चांगले चालले होते. मग एके दिवशी त्या सतरा पिशव्या आल्या.

शहराबाहेर औषधी वनस्पतींची एक बाग होती. बागेला नवी रोपं लावायची होती आणि जागा पुरत नव्हती. जुने सतरा वाफे होते, त्यांतले पाच मोडायचे होते. कुठले पाच, हे ठरवायला बागेच्या साहेबांनी प्रत्येक वाफ्यातलं बी कापडी पिशवीत भरून सरांकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी. कुठल्या बियांत किती गुण आहे ते तपासून क्रम लावून द्या, शेवटचे पाच आम्ही काढून टाकू.

सरांनी चिठ्ठी तीनदा वाचली. "मामा," ते म्हणाले, "आपल्या आकड्यावर कुणाचा तरी वाफा ठरणार."

"मग नीट मोजा म्हणावं जावईबापूंना."

तपासणी कशी करतात ते सांगतो. सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी पडतं, हे तुम्ही पाहिलं असेल. हवेशी गाठ पडली की पुष्कळ गोष्टी अशा बिघडतात. काही झाडांच्या बियांत हा बिघाड अडवणारे पदार्थ असतात. ते आहेत की नाहीत हे कळावं म्हणून एक जांभळी पूड वापरतात. अल्कोहोलमध्ये विरघळवली की तिला दाट, गडद रंग येतो. त्या पुडीचे कण मोठे भांडखोर असतात. बियांच्या अर्कात त्यांना शांत करणारं काही असलं, तर जांभळा रंग फिका होत होत पिवळा होतो. उजेडानेही हा रंग उडतो, म्हणून नळ्या अर्धा तास बंद कपाटात ठेवायच्या. मग त्या माझ्याकडे येतात. जांभळा रंग जितका गेला, तितका बियांचा गुण मोठा.

"नळीतला रंग गेला म्हणजे माणसाचा आजार गेला, असं नव्हे," हे वाक्य सर मुलांना सांगत. त्यांचं तेवढंच एक वाक्य शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं.

सरांनी कामाची यादी लिहून मामांना दिली. पहिली ओळ अशी होती: सगळ्या बिया स्वच्छ करून, वाळवून, दळून घ्याव्यात.

सोळा पिशव्यांत काही अडचण आली नाही. काड्या निवडल्या, धूळ पाखडली, झालं. अकरा नंबरच्या पिशवीतल्या बिया मात्र वेगळ्याच होत्या. मिऱ्याएवढ्या, काळपट, खडबडीत. वाळलेला चिखल थापावा तसं त्यांच्यावर जाड कवच होतं. मामांनी एक बी बोटांत धरून उजेडाकडे केली आणि तोंड वाकडं केलं.

सर तेव्हा वर्गावर होते. मामांनी बिया पाण्यात भिजत घातल्या. दुसऱ्या दिवशी हाताने चोळल्या. पाणी लाल-तपकिरी झालं, अगदी कोऱ्या चहासारखं. ते त्यांनी ओतून दिलं. पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं, पुन्हा ओतणं. माझ्या शेजारच्या बेसिनमधून ते लाल पाणी गोल गोल फिरत खाली गेलं. मी पाहिलं. पण मला वाटलं माती असेल. मी कोण सांगणार? पाणी स्वच्छ यायला लागलं तेव्हाच मामा थांबले. ओलसर साली त्यांनी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या.

सर आले तेव्हा कापडावर पांढऱ्या शुभ्र बिया वाळत होत्या.

"वा, मामा! मोती केलेत की हो."

"हाताची कातडी गेली घासून. मातीच माती, सर. बागेतले लोक बी झटकून पण पाठवत नाहीत."

सर हसले. स्वच्छ बियांकडे बघून कुणालाही बरंच वाटलं असतं.

बिया दळल्या, अल्कोहोलमध्ये भिजवल्या, गाळल्या. मग रोज एकेका पिशवीच्या नळ्या माझ्यासमोर येऊ लागल्या. कुणी एकाहत्तर टक्के रंग घालवला, कुणी चौसष्ट, कुणी अठ्ठ्याऐंशी. अकरा नंबरची नळी कपाटातून बाहेर आली ती जशीच्या तशी जांभळी. कोऱ्या जांभळ्या नळीला माझी सुई जिथे उभी राहायची, तिथून ती फारशी खाली आलीच नाही.

नऊ टक्के.

सरांनी पुन्हा केलं. दिवा बदलून केलं. नवी जांभळी पूड घेऊन केलं. तिन्ही वेळा नऊच्या आसपास. मी एकदाही थरथरलो नाही. त्याचा, खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

सरांनी सुवाच्य अक्षरात तक्ता केला. सतरा नंबरला, सगळ्यांत खाली, अकराची पिशवी गेली. बागेकडून आभाराचं पत्र आलं. मामांनी मला मऊ कापडाने पुसलं आणि म्हणाले, "नाव काढलंत हो, जावईबापू."

त्यानंतर आठ दिवसांनी ते दुसरं पत्र आलं.

सर ते माझ्यासमोर बसून वाचू लागले. एकटे असले की ते ओठ हलवून, पुटपुटत वाचत. म्हणून मला ते पाठ आहे.

"सर, नमस्कार. मी बागेत सव्वीस वर्षं काम करते. अकरा नंबरची पिशवी माझ्या वाफ्यातली. तो वाफा माझ्या सासूबाईंनी लावला होता, त्यांच्यामागे मी बघते. तुमचा कागद साहेबांनी आम्हाला वाचून दाखवला. आमचं बी सगळ्यांत खाली आलं. मला आकड्यातलं कळत नाही आणि तुमची चूक काढायला हे पत्र नाही. एकच विचारायचं होतं. बी तुम्ही सालासकट दळलं की साल काढून? आम्ही साल कधी काढत नाही. जे आहे ते सालीतच आहे, असं सासूबाई म्हणायच्या. खरं-खोटं तुम्हाला माहीत. महिना संपला की वाफा मोडणार आहेत. त्याआधी कळवलंत तर बरं होईल. साहेब तुमचं ऐकतील."

खाली पत्ता होता. बागेमागच्या कामगारांच्या घरांचा.

सरांनी पत्र ओट्यावर पालथं ठेवलं. मग त्यांनी हाक मारली. "मामा, त्या अकराच्या... साली कुठे आहेत?"

"साली? टाकल्या की. सगळं बी सोललं, एक दाणा सोडला नाही. का हो?"

मामांच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू होतं. सरांनी ते पाहिलं.

"काही नाही," सर म्हणाले. "छान केलं होतंत."

मित्रांनो, तिथेच सगळं फिरलं. पण ते मला पुष्कळ नंतर कळलं.

तेव्हापासून सरांचं वाचन वाढलं. बियांच्या सालीवर कुणी जे काही लिहिलं असेल ते सगळं ते आणून वाचू लागले. चौथ्या दिवशी एका जाड ग्रंथात त्यांना सापडलं. कित्येक बियांमध्ये बिघाड अडवणारे पदार्थ गरात नसतात, सालीतच साठलेले असतात, आणि पाण्यात भिजवलं तर त्यांतले पुष्कळ पाण्याबरोबर निघून जातात. सरांनी पुस्तक मिटलं आणि बेसिनकडे पाहिलं. नळ ठिबकत होता.

पाचव्या दिवशी पत्र लिहिता आलं असतं. सरांनी कागद घेतलाही. 'माननीय बाई' असं लिहिलं आणि खोडलं. 'आदरणीय' लिहिलं, तेही खोडलं. 'आपले पत्र मिळाले. कळविण्यास खेद होतो की' इथे ते अडकले आणि कागद टराटरा फाडला. मग त्यांनी ठरवलं, आधी पुन्हा तपासणी करायची आणि खरा आकडाच कळवायचा. पण सालासकट एकही बी उरलं नव्हतं. नवं मागवायचं तर पत्र लिहायला हवं. पत्र लिहायचं तर आधी आकडा हवा. असे ते त्या खोलीत घाण्याला जुंपल्यासारखे गोल फिरत राहिले. मामांना कळू नये म्हणून फाडलेले कागद खिशात घालून घरी नेत.

महिना संपला त्या दिवशी सर आले आणि वर्गावर गेलेच नाहीत. माझ्यासमोर बसून राहिले. शाळा सुटावी तशी मुलं पायऱ्या उतरून गेली. मग त्यांनी त्या पत्राची घडी घातली, मला एका बाजूने जरासं उचललं आणि कागद खाली सरकवला.

"उद्या," ते मला म्हणाले. "उद्या नक्की."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना म्हणाले, "याला आता हलवत जाऊ नका. सुई बिघडते."

हलवल्याने माझी सुई कधीच बिघडली नव्हती. लाकडी खोक्यातून किती धक्के खात आलो होतो मी! माझ्या नावावर सांगितलेलं ते पहिलं खोटं. मामांनी मान डोलावली आणि तेव्हापासून ते माझ्या कडेकडेने पुसू लागले.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पडदा असलेलं नवं यंत्र आलं. सुई नाही, आकडे सरळ उजळतात. मुलं त्याच्याभोवती गर्दी करू लागली. माझ्यावर मेणकापडाची खोळ चढली. सर मात्र मधूनमधून येत, खोळीवर हात ठेवत. "झालं का तुझं?" असं आता विचारत नसत. मामा निवृत्त झाले. जायच्या दिवशी त्यांनी खोळ काढून मला पुसलं, पण हलवलं नाही, सरांचा शब्द होता ना! दोन वर्षांनी सरही निवृत्त झाले. त्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर ते माझ्यापाशी आले. त्यांचा हात माझ्या पायापर्यंत आला. बोटं कागदाच्या कडेला लागली. मग त्यांनी हात मागे घेतला, खोळ नीट केली आणि दिवा मालवून गेले.

खोळीखाली विचार करायला वेळच वेळ असतो. मी खोटं बोललो होतो का? नाही. नळीत जे होतं त्याचा आकडा नऊच होता. पण विचारलं होतं ते एका बीबद्दल, आणि माझ्यासमोर उभा केला होता तो सोललेला, धुतलेला गर. बरोबर मोजूनही मी एका वाफ्याला खाली ढकललं होतं. थरथरत नाही म्हणून जो शहाणा ठरला, तो त्या दिवशी थोडा थरथरला असता तर? तर कदाचित सर थांबले असते. कोण जाणे.

नऊ वर्षं झाली. प्रयोगशाळेत नव्या मॅडम आल्या आणि त्यांनी खोली आवरायला काढली. जुनं काय ठेवायचं, काय भंगारात द्यायचं हे सांगायला त्यांनी सरांना बोलावलं. एकटं यायचा धीर सरांना कुठला! ते मामांना घेऊन आले. सर आणखी वाकले होते. मामांच्या दाढीचे केस पांढरे झाले होते, पण मला पुसायचं ते चट्ट्यापट्ट्याचं कापड अजून खांद्यावर होतं.

"सर, हा कलरीमीटर?" मॅडमनी विचारलं. "दिवा तर गेलेला दिसतोय."

"जावईबापू!" मामा पुढे आले. "अहो मॅडम, यांचे काय थाट होते तुम्हाला सांगू! हलवायची सुद्धा चोरी होती." आणि बोलता बोलता त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं.

कागद माझ्या पायाला चिकटून थोडा वर आला आणि मग ओट्यावर पडला.

"हे काय?"

सर कागदाकडे बघत उभे होते. त्यांना तो झटकन उचलून खिशात घालता आला असता. मी वाट बघत होतो की ते तसंच करतील.

"वाचा," सर म्हणाले.

मामांनी मला खाली ठेवलं, चष्मा लावला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत पत्र वाचलं. शेवटी आले, पुन्हा मधल्या ओळीवर गेले. मग त्यांनी माझ्या पायाकडे, आणि तिथून बेसिनकडे पाहिलं.

"माती नव्हती तर ती."

"नव्हती."

"आणि ते लाल पाणी..."

"हो."

मामा स्टुलावर बसले. "तुम्हाला कधी कळलं?"

"पत्र आलं त्याच दिवशी. खात्री चार दिवसांनी झाली."

"म्हणून विचारलंत, साली कुठे आहेत. मी म्हटलं, टाकल्या. तुम्ही म्हणालात, छान केलंत."

"मामा, तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्ही इतक्या मनापासून..."

"वाटलं असतं की! एक दिवस जेवलो नसतो. दुसऱ्या दिवशी सायकल काढून बागेत गेलो असतो आणि सालासकट बी घेऊन आलो असतो." मामांचा आवाज चढला. "महिना संपायला किती दिवस होते तेव्हा?"

सरांनी मोजायला वेळ घेतला नाही. तो आकडा त्यांना तोंडपाठ होता. "तेवीस."

"तेवीस दिवस! सर, मी तुमच्याकडे एकवीस वर्षं नळ्या धुतल्या. तुम्ही मला एवढं लेचंपेचं समजलात? माझं मन जपलंत की स्वतःचं, ते एकदा मोजा बघू नीट."

मॅडम कपाटापाशी उभ्या होत्या, त्या दोन पावलं दाराकडे सरकल्या.

"स्वतःचं," सर म्हणाले.

मामांनी चष्मा काढून खांद्यावरच्या कापडाने पुसला. बराच वेळ पुसत राहिले. त्यावर डाग नव्हता.

"बागेत चौकशी करू," सर घाईने म्हणाले. "बी मिळतं का बघू, या मॅडमच्या यंत्रावर पुन्हा तपासणी करू, खरा आकडा काढू आणि मग त्यांना सविस्तर..."

"झालं परत सुरू! त्या बाईंनी आकडा विचारलाय का तुम्हाला? हे घ्या, वाचा. साल विचारलीय, साल!"

सरांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर, नेहमीच्या जागी बसले. मॅडमनी कागद आणून दिला आणि हळूच म्हणाल्या, "पाकीट आणि तिकीट आहे माझ्याकडे, सर."

या वेळी त्यांनी 'माननीय' लिहिलं नाही, 'आदरणीय'ही नाही. ओठ हलत होते, म्हणून मलाही वाचता आलं.

"बाई, नमस्कार. साल काढून. तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर मी नऊ वर्षं उशिरा देतो आहे. पत्र मिळालं त्याच दिवशी मला ते माहीत होतं. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं खरं असावं असं पुस्तकंही सांगतात. आमचा नऊ टक्के हा आकडा आतल्या गराचा होता, तुमच्या बियांचा नव्हता. बिया स्वच्छ करा, असं मी लिहून दिलं होतं. त्या कशा वापरतात हे आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा लाजेने गप्प बसलो. वाफा मोडला असेल तर तो माझ्या गप्प बसण्याने मोडला. बागेच्या कार्यालयाला मी आजच लिहितो आहे की तो तक्ता चुकीचा होता. कुठे मूठभर बी उरलं असेल तर सालासकट तपासून देईन. नसेल तर..."

इथे पेन थांबलं. सरांनी 'नसेल तर' खोडलं, आणि त्याच्यापुढे काही लिहिलं नाही.

"माझंही घाला त्यात," मामा म्हणाले. "साल मामाने काढली म्हणून लिहा."

"ते नको, मामा. सूचना माझी होती."

"लिहा हो! हात माझे होते. चुकायचा सगळा मान तुम्हीच घेणार का?"

सरांनी एक ओळ वाढवली: बी धुणारे आमचे मामा शेजारी बसले आहेत. तेही तुमची माफी मागतात.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला पुसा, झाकून ठेवा, फेकू नका, असं. मीही तेच मागणार होतो. पण आता मला वाटतं, माझ्यावरची धूळ थोडी राहिली तरी चालेल. आमच्यासमोर जे ठेवाल ते ठेवण्याआधी, ज्याने ते वाढवलं, राखलं, त्याला एकदा विचारा. त्याला आकड्यातलं कळत नसेल, पण तुम्हाला न कळणारं पुष्कळ त्याला कळत असतं. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर उत्तर द्या. सुंदर नसलं, पुरं नसलं, लाज वाटत असली तरी द्या. तुम्ही वाक्य जुळवत बसता तेवढ्यात तिकडे कुणीतरी रोज फाटकाकडे बघत असतं.

मला भंगारात दिलं नाही. मला मामांच्या हवाली करायच्या कागदावर मॅडमनी सही केली आणि मामांनी मला कापडात गुंडाळून काखेत घेतलं. पायऱ्या उतरताना ते एकदाही मला डबा म्हणाले नाहीत, आणि जावईबापूही नाही. फाटकाबाहेर, वळणावर टपालपेटी होती. सर तिच्यापाशी थांबले. बागेच्या कार्यालयाचं पाकीट त्यांनी पटकन आत टाकलं. दुसरं पाकीट पेटीच्या तोंडाशी नेलं आणि अर्धं आत गेल्यावर तसंच धरून ठेवलं.

त्या बाई अजून तिथे राहतात का, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. रस्त्यावरून माणसं जात होती. मामांनी मला दुसऱ्या काखेत घेतलं आणि दुसरीकडे बघू लागले.

सरांनी बोटं सोडली.